टेलिकॉम विलीनीकरण आणि युद्धाची चाहूल: पैसे लावण्याआधीचा हिशेब

टेलिकॉम कंपन्यांच्या विलीनीकरणाची बातमी आणि सीमेवरच्या तणावाची बातमी एकाच आठवड्यात आली की पुष्कळ गुंतवणूकदार दोन्ही एकाच पोत्यात भरतात. ‘युद्ध झालं तर सौदा बारगळेल’ असं म्हणून कोणी घाईने विकतो, तर ‘बाजार पडला, स्वस्त मिळतंय’ म्हणून कोणी घाईने घेतो. प्रत्यक्षात युद्धामुळे विलीनीकरण मोडल्याची उदाहरणं थोडी आहेत. युद्धाने सौद्याची मुदत लांबते, किंमत हलते आणि सुरक्षा परवानगीची गाठ घट्ट होते. पैसा बुडतो तो बहुधा कर्जामुळे, किंवा नेमक्या वाईट दिवशी नाइलाजाने विकावं लागल्यामुळे. म्हणून युद्ध होणार की नाही याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा पुढचा हिशेब वहीत मांडावा. एका सौद्याला दोन संध्याकाळी पुरतात.

तुम्हाला नक्की काय मिळणार?

सर्वात आधी सौद्याचा प्रकार ओळखा. रोख रक्कम मिळणार, दुसऱ्या कंपनीचे शेअर मिळणार, की तुमच्या हातात काहीच नवं येणार नाही? तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. आयडिया आणि व्होडाफोन इंडिया यांचं विलीनीकरण २० मार्च २०१७ रोजी जाहीर झालं आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी पूर्ण झालं. त्यात आयडियाच्या जुन्या भागधारकाला काही बदलून मिळालं नाही. त्याचे शेअर तेच राहिले, कंपनी मात्र आतून वेगळी झाली आणि शेअरची एकूण संख्या वाढली.

स्वॅप रेशो (जुन्या किती शेअरमागे नवे किती मिळणार ते प्रमाण) हा कंपनीने शेअर बाजाराला पाठवलेल्या मूळ पत्रातून वाचा, बातमीच्या मथळ्यावरून ठरवू नका. टाटा टेलिसर्व्हिसेसचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला (जाहीर २०१७, पूर्ण १ जुलै २०१९), तेव्हा टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) या सूचिबद्ध कंपनीच्या दर २,०१४ शेअरमागे एअरटेलचा १ शेअर होता. गोवा टेलिकॉमच्या नकाशावर महाराष्ट्र सर्कलमध्येच (परवान्याच्या विभागातच) मोडतो, त्यामुळे हा शेअर गोव्यातल्या घरांतही ‘आपली कंपनी’ म्हणून घेतला गेला होता. ज्याच्याकडे १,००० शेअर होते त्याच्या वाट्याला अर्धाही शेअर येत नव्हता. अशा अपूर्णांकांचे शेअर सहसा एकत्र करून विकतात आणि त्याची रोख खात्यावर जमा होते. तेव्हा ‘एअरटेलने घेतलं’ एवढ्या वाक्यावर खरेदी करायची नाही. आपली संख्या रेशोने भागून बघायची.

फरकाचं गणित

समजा, ‘क’ कंपनी ‘ख’ला सामावून घेणार आहे. ‘ख’च्या ५ शेअरमागे ‘क’चा १ मिळणार. ‘क’चा भाव ५०० रुपये, म्हणजे सौद्यानुसार ‘ख’ची किंमत १०० रुपये. बाजारात मात्र ‘ख’ ८२ला मिळतो. हा १८ रुपयांचा फरक फुकट पडलेला नाही. सौदा मोडेल किंवा लांबेल या भीतीची ती किंमत आहे.

आता तिसरा आकडा काढा: सौदा मोडला तर ‘ख’ कुठे जाईल? जाहीर होण्याच्या महिनाभर आधीचा भाव घ्या आणि त्यानंतर कंपनीची तब्येत बिघडली असेल तर तेवढा कमी करा. समजा तो ६० आला. बाजार सौद्याला किती शक्यता देतो ते असं निघतं: (८२ − ६०) भागिले (१०० − ६०), म्हणजे २२ भागिले ४०, म्हणजे ५५ टक्के. तुमच्या अभ्यासानुसार शक्यता ६५ टक्के असेल, तर अपेक्षित किंमत ०.६५ × १०० + ०.३५ × ६०, म्हणजे ८६. ८२ला घेण्यात थोडाफार अर्थ आहे.

हाच हिशेब युद्धाची चाहूल धरून पुन्हा मांडा. ‘क’ स्वतः ४४०वर आला तर सौद्याची किंमत ८८ होते. पडलेल्या बाजारात मोडलेला ‘ख’ ६०ला टिकणार नाही, ५० धरा. परवानग्या लांबतील म्हणून शक्यता ६० टक्के धरा. आता येतात ०.६० × ८८ + ०.४० × ५०, म्हणजे ७२.८० रुपये. ८६चे ७३ झाले, आणि सौदा मोडलेलाही नाही. युद्ध एकाच वेळी तिन्ही आकड्यांना हात घालतं. बरेच जण फक्त शक्यता कमी करतात आणि उरलेले दोन आकडे जुनेच ठेवतात. हिशेब चुकण्याचं सर्वात मोठं कारण हेच.

मुदतीचाही भाव असतो. ८२चे १०० म्हणजे जवळपास २२ टक्के. पंधरा महिन्यांत मिळाले तर वर्षाला साधारण १७ टक्के पडतात. तेच अडीच वर्षांनी मिळाले तर वर्षाला सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास, आणि तेवढ्यासाठी एवढी जोखीम घेण्याचं कारण नाही.

मोठे फंड ‘ख’ घेतात आणि ‘क’ विकतात, म्हणजे बाजार पडला तरी फरक हातात राहतो. छोट्या गुंतवणूकदाराला हे जमत नाही. शेअरच्या एकेका फ्युचर्स कराराचं (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या कराराचं) मूल्य काही लाख रुपये असतं, आणि आपल्या पाच-पन्नास हजारांच्या खरेदीला तेवढ्या मोठ्या कराराचं कुलूप बसत नाही. म्हणजे आपण फरकावरच नव्हे, ‘क’च्या भावावरही पैसे लावत असतो. म्हणून एका सौद्यात शेअरमधल्या एकूण पैशाच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

परवानग्यांची वाट

भारतात अशा सौद्याला साधारण या दारांतून जावं लागतं: संचालक मंडळ, शेअर बाजाराचं निरीक्षण पत्र, स्पर्धा आयोग, भागधारक आणि कर्जदारांची सभा, कंपनी लवाद आणि शेवटी दूरसंचार विभाग. सभेत मत देणाऱ्यांची संख्येने बहुसंख्या आणि मूल्याने तीन-चतुर्थांश लागते. प्रत्येक दाराची तारीख वहीत लिहा. एखादं दार अपेक्षेपेक्षा तीन महिने जास्त अडलं तर शक्यतेचा आकडा कमी करा.

सर्वात जड दार शेवटचं. २०१४च्या मार्गदर्शक नियमांनुसार कोणत्याही एका सर्कलमध्ये एकत्रित कंपनीचा ग्राहकांतला किंवा महसुलातला वाटा ५० टक्क्यांवर गेला तर तो वर्षभरात खाली आणावा लागतो. म्हणून देशाचा सरासरी वाटा बघून थांबू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या मासिक अहवालात सर्कलनिहाय तक्ता असतो, तो उघडा. गोव्याचे आकडे तिथे वेगळे मिळणार नाहीत, ते महाराष्ट्राच्या ओळीत मिसळलेले असतात, आणि मुंबईची ओळ वेगळी असते. एकूण ग्राहकांपेक्षा ‘सक्रिय’ ग्राहकांचा रकाना खरा. कपाटात पडलेलं सिमकार्डही एकूण आकड्यात मोजलं जातं.

बाजार किती थोड्या हातांत जातो याचा एक सोपा मापदंड आहे. प्रत्येक कंपनीच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज करायची. वाटे ३५, ३०, २० आणि १५ असतील तर बेरीज २,७५०. शेवटच्या दोन एकत्र आल्या तर ३,३५०. अमेरिकेतल्या २०२३च्या नियमांत बेरीज १,८००च्या वर असून १००पेक्षा जास्त वाढली तरी शंकेला जागा धरतात, इथे तर ६०० वाढली. पण टेलिकॉममध्ये आकड्यापलीकडचं बघावं लागतं. मरणाऱ्या कंपनीला दुसरीने घेतलं तर नियामक मऊ होतो. टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांचा सौदा एप्रिल २०१८मध्ये जाहीर झाला, काही राज्यं कोर्टात गेली, ११ फेब्रुवारी २०२०ला निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला आणि स्प्रिंटचा भाव एका दिवसात ७० टक्क्यांहून अधिक उसळला. उलट २०११मध्ये एटी अँड टीने टी-मोबाइल यूएसए ३,९०० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं, सरकारने विरोध केला, सौदा डिसेंबरमध्ये सोडावा लागला आणि भरपाई म्हणून रोख ३०० कोटी डॉलर व वर स्पेक्ट्रम द्यावं लागलं. करारात अशी भरपाईची अट आहे का, ती कोण कोणाला देणार, हे वाचल्याशिवाय मोडण्याचा भाव ठरवू नका.

मोडलेला सौदा देशातही आहे. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल यांचं विलीनीकरण सप्टेंबर २०१६मध्ये जाहीर झालं आणि १ ऑक्टोबर २०१७ला रद्द झालं. काही महिन्यांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्सही. दोघींना सौद्याची गरज होती ती कर्जातून सुटण्यासाठी. अशा ठिकाणी मोडण्याचा भाव म्हणून जुना भाव धरणं फसवं आहे. जुन्या भावातही सौद्याची आशा मिसळलेली असते.

कर्ज: इथे सावकाश वाचा

टेलिकॉम कंपनीच्या ताळेबंदात तीन प्रकारची देणी वेगवेगळी काढा: बँका आणि रोख्यांचं कर्ज, स्पेक्ट्रमचे सरकारी हप्ते, आणि एजीआरची (कंपनीच्या समायोजित महसुलावर सरकारला द्यायच्या शुल्काची) थकबाकी. बातम्यांत बहुधा पहिलंच असतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी एजीआरचा निकाल दिला. त्या सप्टेंबर तिमाहीत व्होडाफोन आयडियाने ५०,९२२ कोटींचा तोटा दाखवला. वाद अनेक वर्षं चालू होता, तो आकस्मिक देण्यांच्या (निकाल विरुद्ध गेला तरच द्याव्या लागणाऱ्या रकमांच्या) टिपेत छापलेला होता, आणि तरी विलीनीकरणाच्या गोडव्यात तो अनेकांनी वाचला नाही. वार्षिक अहवालात ‘आकस्मिक देणी’ हा भाग शोधा आणि तिथली रक्कम निव्वळ मालमत्तेशी ताडून बघा. ती अर्ध्याहून जास्त असेल तर खरेदी थांबवा.

दुसरी तपासणी शेअरच्या संख्येची. विलीनीकरण होऊन आठ महिने व्हायच्या आत व्होडाफोन आयडियाने १२.५० रुपयांना २५,००० कोटींचा राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ करणं) काढला, ३८ शेअरमागे ८७. एप्रिल २०२४मध्ये ११ रुपयांना १८,००० कोटींचा एफपीओ (सूचिबद्ध कंपनीची लोकांना नवी शेअरविक्री) आला. एप्रिल २०२५मध्ये सरकारने ३६,९५० कोटींच्या देण्यांचं १० रुपये दराने भांडवलात रूपांतर केलं आणि सरकारचा वाटा जवळपास ४९ टक्के झाला. विलीनीकरणाच्या वेळी ४० कोटींहून अधिक असलेले ग्राहक २०२४ अखेर सुमारे २० कोटी उरले. ‘दोन मोठ्या कंपन्या एकत्र, म्हणजे नफा’ हे समीकरण या आकड्यांसमोर ठेवून बघा.

आता युद्धाचा ताण द्या. समजा एकत्रित कंपनीचं निव्वळ कर्ज ४०,००० कोटी, त्यातलं १०,००० कोटी डॉलरमध्ये, आणि एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची वर्षाची कमाई) १०,००० कोटी. कर्ज चारपट आहे. युद्धाच्या भीतीने रुपया ८ टक्के घसरला, तर डॉलरचं कर्ज ८०० कोटींनी फुगतं. कच्चं तेल चढलं, टॉवरच्या जनरेटरचं डिझेल आणि वीज महागली, आयात केलेली उपकरणं महागली आणि एबिटडा ६०० कोटींनी उतरला असं धरा. ४०,८०० भागिले ९,४००, म्हणजे ४.३४ पट. बँकेच्या करारात ४.२५ची मर्यादा असेल तर कंपनी नियम मोडून बसली, तेही एक ग्राहक न गमावता. आमच्या हिशेबात तीनपटीपर्यंत झोप लागते, पाचपटीच्या वर तणावाच्या काळात हात लावू नये. कर्जाचा किती भाग हेज केलेला (डॉलरचा दर आधीच बांधून घेतलेला) आहे, हे अहवालातल्या परकीय चलनाच्या टिपेत मिळतं.

युद्ध सौद्याला नेमकं कुठे लागतं?

बाजाराचा पहिला धक्का मोठा आणि बहुधा आखूड असतो. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी सेन्सेक्स २,७०२ अंकांनी पडला, आणि मार्च संपेपर्यंत हल्ल्याआधीच्या पातळीच्या वर आला. ७ मे २०२५ला ऑपरेशन सिंदूरच्या दिवशी सेन्सेक्स किंचित वर बंद झाला, ९ मे रोजी ८८० अंक पडला, आणि शस्त्रसंधीनंतर १२ मे रोजी २,९७५ अंक चढला. ९ तारखेला घाबरून विकलेल्याला १२ तारीख दिसलीच नाही. स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकण्याची सूचना) लावून निश्चिंत राहू नका. रात्रीत बातमी आली तर शेअर थेट खाली उघडतो, ८०चा स्टॉप-लॉस ७२ला विकला जातो किंवा विकलाच जात नाही.

खरा दीर्घ परिणाम सुरक्षा परवानगीवर होतो. ग्लोबल क्रॉसिंग ही समुद्राखालच्या केबल्सची कंपनी जानेवारी २००२मध्ये दिवाळखोरीत गेली. हाँगकाँगची हचिसन आणि सिंगापूरची एसटी टेलिमीडिया मिळून ती घेणार होत्या. मार्च २००३मध्ये इराक युद्ध सुरू झालं, आणि अमेरिकेतल्या सुरक्षा छाननीत अडकून हचिसनने एप्रिल अखेर माघार घेतली. सौदा मात्र मेला नाही. एसटी टेलिमीडियाने सुरक्षेच्या अटी मान्य करून डिसेंबरमध्ये तो पूर्ण केला. म्हणून खरेदीदाराचा देश, त्याच्या मागचा पैसा आणि उपकरणांचा पुरवठादार या तीन गोष्टी विचारा. भारतात एप्रिल २०२०पासून सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीसाठी सरकारी परवानगीचा नियम आला, आणि जून २०२१पासून नेटवर्कची उपकरणं विश्वासार्ह स्रोताकडूनच घ्यावी लागतात. एकत्र येणाऱ्या दोघींपैकी एकीचं जाळं चिनी उपकरणांवर उभं असेल, तर ती बदलण्याचा खर्च तुमच्या हिशेबात आला पाहिजे. २०२३च्या दूरसंचार कायद्यातली कलम २० आणि २१ही वाचावीत. आणीबाणीत आणि युद्धात सरकार नेटवर्कचा ताबा घेऊ शकतं.

उपग्रह कंपनी वायासॅट आणि इनमारसॅट यांचा सौदा नोव्हेंबर २०२१मध्ये जाहीर झाला. युक्रेनवरच्या हल्ल्याच्या सुमारे तासभर आधी वायासॅटच्या केए-सॅट जाळ्यावर सायबर हल्ला झाला, हजारो मोडेम निकामी झाले, जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. तरी सौदा मे २०२३मध्ये पूर्ण झाला. भाव कोसळला तो पुढे जुलैमध्ये, नव्या उपग्रहाचा अँटेना नीट उघडला नाही म्हणून. युक्रेनमध्ये तर भर युद्धात लाइफसेल ही मोबाइल कंपनी आणि डेटाग्रुप-व्होलिया ही इंटरनेट कंपनी २०२४मध्ये एका छताखाली आल्या. कीवस्टार या तिथल्या मोबाइल कंपनीवर १२ डिसेंबर २०२३ला सायबर हल्ला होऊन सुमारे २.४ कोटी ग्राहकांचे फोन बंद पडले होते, तरीही. लोकांना युद्धात फोन जास्तच लागतो. भांडवल मात्र महाग होतं.

गोव्यातल्या घराचा ताळेबंद

इथे एक वेगळी अडचण आहे. घरात कोणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असेल किंवा आखातात नोकरीला असेल, तर होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही घडताच पगारावर परिणाम होतो. १९९०मध्ये कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं, तेव्हा आखाती पैशावर चालणाऱ्या घरांची चूल त्याच महिन्यात थंडावली. मोरजी-हरमलला रशियन पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी मार्च २०२२ पाहिला आहे. रशियातल्या व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं बाहेर चालेनाशी झाली आणि ऐन हंगामात पाहुण्यांकडे पैसे संपले. मिळकतही युद्धाला टेकलेली आणि शेअरही, असं असेल तर दोन्ही एकाच दिवशी बसतात आणि मग ८२ला घेतलेला शेअर ५५ला विकावा लागतो.

म्हणून सौद्यात पैसे घालण्याआधी घरखर्चाचे बारा महिने बँकेच्या ठेवीत बाजूला ठेवा, तारवटीच्या किंवा पर्यटनाच्या घरात अठरा. चवथीचा खर्च, मुलांची फी, घराची शाकारणी हे पैसे सौद्यात जाताच कामा नयेत. दोन वर्षं हात लावणार नाही तेवढीच रक्कम इथे घालायची. मार्जिनवर किंवा सोनं गहाण ठेवून तर अजिबात नाही.

कराचा भागही गोव्यात निराळा आहे. पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या पती-पत्नींचं पगार सोडून बाकी उत्पन्न आयकरात निम्मं-निम्मं वाटलं जातं. १९६१च्या कायद्यात ते कलम ५अ होतं. शेअरवरचा नफाही त्यात येतो. डीमॅट एकाच्याच नावावर असला तरी नफा दोघांच्या विवरणात दाखवावा लागतो, दोघांना स्वतंत्र पॅन लागतो, आणि असं वाटलेलं उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालत नाही. फायदा असा की वर्षाला सव्वा लाखापर्यंतची दीर्घकालीन नफ्याची सूट दोघांनाही स्वतंत्र मिळते. त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, आणि वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के. विलीनीकरणात मिळालेल्या शेअरसाठी खरेदीची तारीख आणि किंमत जुन्या शेअरचीच धरतात, त्यामुळे जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा.

शेवटची तपासणी रेकॉर्ड डेटची, म्हणजे ज्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर असेल त्यालाच नवे मिळतात त्या तारखेची. आपल्याकडे व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, म्हणून रेकॉर्ड डेटच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली हवी. त्यानंतर जुना शेअर बाजारातून उतरतो आणि नवा खात्यात येऊन विक्रीला खुला होईपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. या मधल्या काळात काहीही घडलं तरी विकता येत नाही. सीमेवर वातावरण तापलेलं असेल आणि फरक दोन-तीन टक्केच उरला असेल, तर रेकॉर्ड डेटच्या आठवडाभर आधी निम्मे शेअर विकून टाका. आजोबांच्या ट्रंकेत कागदी सर्टिफिकेटं असतील तर ती आताच डीमॅट करायला द्या. नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी, कुठे ‘कामत’ तर कुठे ‘कामथ’, महिनोन् महिने अर्ज फिरत राहतात.